डबीतला उतारा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भातकुली तालुक्यातल्या एका शेतकरी गटाची चार मंडळी माझ्याकडे आली आणि त्यांनी टेबलावर एक लाल प्लास्टिकची पेटी ठेवली. झाकणावर फणा काढलेला नाग आणि खाली ‘सर्पदंश आपत्कालीन संच’ अशी अक्षरे. “गुरुजी, अशा पन्नास पेट्या घ्याच्या हायेत. जागलीवर जाणाऱ्यायले एकेक देऊ. तुमी पाहून सांगा, कामाच्या हायेत का नाही,” असे त्यांचे म्हणणे. मी इतिहासाचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. तरी पेटी उघडली आणि चमकलो. आत एक रबरी दोरी होती, कागदात गुंडाळलेले पाते होते, विष ओढून काढण्याचा पिवळा चोषक पंप होता, जंतुनाशकाची कुपी आणि घडी घातलेले माहितीपत्रक होते. पंप सोडला तर ही पेटी मी लहानपणापासून ओळखत होतो.

आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत बोटभर लांबीची एक लाकडी डबी होती. एका टोकाचे टोपण काढले की भाल्याच्या फाळासारखे छोटे पाते निघे. दुसऱ्या टोकाला पोकळी होती आणि तिच्या तळाशी जांभळ्या रंगाचा डाग होता. आजोबा तिला ‘सापाची डबी’ म्हणत. तिचे खरे नाव ‘ब्रंटन लॅन्सेट’ हे मला फार पुढे कळले. लाल पेटी चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी मला आधी या डबीचा इतिहास तपासावा लागला. हा लेख त्या तपासाचा.

गोष्ट जोसेफ फेररपासून सुरू होते. बंगालमध्ये नोकरी केलेल्या या इंग्रज डॉक्टरने १८६९ या एका वर्षातले सर्पदंशाचे मृत्यू प्रांतोप्रांतीच्या सरकारी नोंदींतून गोळा केले. आकडा निघाला ११,४१६, आणि त्यात मुंबई, मद्रास इलाखे धरलेलेच नव्हते. १८७२ साली त्याचा हिंदुस्थानातल्या विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला. त्याच दशकात त्याने लंडनच्या लॉडर ब्रंटन या डॉक्टरबरोबर नागाच्या विषावर प्रयोग केले. हृदयशूळावर अमिल नायट्राइट वापरून पाहणारा तो हाच ब्रंटन. अनेक उपाय तपासून झाले, पण हाती उतारा लागला नाही.

मग पोटॅशियम परमँगनेट पुढे आले. आपल्याकडे पटकीच्या साथीत विहिरीत टाकत ती ही ‘लाल दवा’. १८८१ साली ब्राझीलच्या लासेर्दा यांनी हे सर्पविषावरचे औषध असल्याचे जाहीर केले. दावा निराधार नव्हता. परमँगनेट आणि विष परीक्षानळीत एकत्र केले तर विष खरोखर निकामी होते. मात्र बंगालमध्ये काम करणाऱ्या व्हिन्सेंट रिचर्ड्स यांनी तेव्हाच एक अडचण दाखवून दिली होती : विष शरीरात भिनल्यावर मागाहून दिलेले परमँगनेट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नळीतली गाठभेट अंगात होत नाही.

हा इशारा मागे पडला. पुढे कल्पना निघाली, की दंशाच्या जागी चिरा द्यायचा आणि कोरडे स्फटिकच जखमेत चोळायचे. १९०४ साली ब्रंटन, फेरर आणि लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरांच्या नावांनी हा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. उपाय कुणालाही सहज करता यावा, हा त्यामागचा घोषित हेतू होता. त्यातून ही डबी जन्मली : एका टोकाला पाते, दुसऱ्याला स्फटिक. ती स्वस्त होती, खिशात मावत होती, शिकवायला पाच मिनिटे पुरत होती. हिंदुस्थानात ती मोठ्या प्रमाणावर वाटली गेली.

तो काळ आपल्या बाजूने पाहू. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. भातकुली हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा : विहिरीचे पाणी मचूळ, जमीन काळी आणि खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडून त्या बुजू लागल्या की आतले साप धुऱ्यावर, कुटाराच्या ढिगात, घराच्या कुडाशी येतात. नेमकी तीच निंदण-डवरणीची वेळ, आणि पांदणीत गुडघाभर चिखल. अशा गावी डॉक्टर नाही, रस्ता नाही, तिथे खिशातली डबी म्हणजे केवढा दिलासा! सरकारलाही ती सोयीची होती. दवाखाना बांधण्यापेक्षा डबी वाटणे केव्हाही स्वस्त.

आणि डबीने माणसे ‘वाचत’ही होती. इथेच या इतिहासाची मेख आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. असा कोरडा दंश हे काही नवल नव्हे. सोडले तरी ते दर वेळी जीव घेण्याइतके नसते. म्हणजे चावलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. त्यांना मंत्र घातला तर मंत्र लागू पडतो, पारावर नेले तर देव पावतो, कडुनिंबाचा पाला चघळायला दिला तर पाला गुणकारी ठरतो आणि जांभळे स्फटिक चोळले तर विज्ञान जिंकते. मांत्रिकाची आणि लॅन्सेटची कीर्ती एकाच पुराव्यावर उभी होती. आपण मांत्रिकाला हसतो, डबीला हसत नाही, एवढाच फरक.

हिशेब चुकला कुठे, हे १९१४ च्या सुमारास ऍक्टन आणि नोल्स या संशोधकांच्या कामातून स्पष्ट झाले. नाग एका दंशात प्रत्यक्षात किती विष सोडतो, हे त्यांनी मोजले. प्रयोगशाळेत सुईने दिलेली बेताची मात्रा वेगळी आणि शेतात चिडलेल्या नागाचा दंश वेगळा.

खरा उतारा दुसऱ्या वाटेने येत होता, आणि ती वाट आपल्या परळवरून जात होती. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेट यांनी १८९० च्या दशकात घोड्याच्या रक्तातून नागाच्या विषाची प्रतिलस तयार केली. ती सर्व सापांवर चालेल असे त्यांना वाटत होते. मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की नागाची लस घोणसीवर चालत नाही. ज्या सापाचे विष, त्याच सापाचा उतारा. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध एकत्र चालणारी लस तिथे तयार होऊ लागली. पुढे ती भुकटीच्या रूपात आली, तेव्हा शीतपेटी नसलेल्या खेड्यातल्या दवाखान्यातही ती ठेवणे शक्य झाले. मात्र ती शिरेतूनच द्यावी लागते आणि तिची वावडी प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते, म्हणून जवळ डॉक्टर आणि ॲड्रिनलिन हवे. हा उतारा खिशात मावत नाही. माणसाला त्याच्याकडे न्यावे लागते.

उतारा सापडला, तरी डबीची सवय गेली नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या सालदाराला पऱ्हाटीत घोणस चावली. वडिलांनी आधी दोघांना त्या डबीच्या रीतीने ‘वाचवले’ होते, म्हणून सगळे त्यांच्याकडेच धावले. त्यांनी पोटरी सुतळीने करकचून आवळली, ब्लेडने चिरा दिला, लाल दवा चोळली आणि गुण येण्याची वाट पाहिली. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते; चिऱ्यातले रक्त थांबेना. दिवस कलल्यावर बैलगाडी जुंपली. अमरावतीच्या दवाखान्यात तो जगला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आवळलेल्या पायात विष आणि सूज कोंडून मांस कुजले होते. वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्यांच्या हातात दिलेली विद्या मनापासून वापरली. पुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि डबी ट्रंकेच्या तळाशी गेली. माझ्याकडे लाल पेटी घेऊन आलेल्या चौघांत त्या सालदाराचा नातू होता.

म्हणून पेटीतली एकेक वस्तू मी त्यांच्यासमोर काढली. पाते बाजूला ठेवले. कारण वर आलेच. आवळायची दोरी बाजूला ठेवली. चोषक पंपाबद्दल त्यांना आशा होती, कारण तो नवा दिसत होता. पण २००४ साली अमेरिकेत अशा पंपांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की ओढून निघते ते बहुतेक रक्तमिश्रित पाणी. विष जवळजवळ आतच राहते. पंपही गेला. भारत सरकारच्या २००९ च्या सर्पदंश उपचारपद्धतीत कापणे, चोखणे, आवळणे हे तिन्ही वर्ज्य आहे. धीर द्या, अवयव हलू देऊ नका, दवाखान्यात न्या, दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगा, एवढेच तिचे सार. पेटीत उरली कुपी आणि पत्रक. पत्रकातही कापायची चित्रे होती.

“मंग राह्यलं काय, गुरुजी?” नातवाने विचारले.

प्रश्न रास्त होता. नुसती पेटी रिकामी करून भागत नाही. जागलीला जाणाऱ्याच्या हाती काही तरी हवेच. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सोबत बसवून आम्ही ती पुन्हा भरली. आधी चांगली विजेरी आणि गमबूट, कारण न झालेला दंश सर्वांत सोपा बरा होतो. मग हातपाय हलू नये म्हणून बांधायला बांबूच्या दोन सपाट कामट्या आणि रुंद कापडी पट्ट्या. बांधायचे ते मोडलेल्या हाडासारखे, आवळायचे नाही. सूज चढण्याआधी अंगठी, जोडवी, बांगड्या काढा, अशी सूचना. एक पेन आणि जाड कार्ड : त्यावर १०८ चा क्रमांक, लस कुठल्या केंद्रात असते त्याचे नाव, पावसाळ्यात कुठली पांदण बंद असते आणि कुणाचा ट्रॅक्टर रात्री निघू शकतो, आणि दंशाची वेळ लिहायला रिकामी जागा. घरासाठी मच्छरदाणी, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या जड होतात तेव्हा उशीर झालेला असतो. ती पेटीत मावली नाही, म्हणून वेगळी घ्यायचे ठरले.

यात चमत्कार वाटावा असे काही नाही, आणि माझ्या मते हाच तिचा गुण. जुन्या डबीचा दोष फक्त चुकीच्या रसायनात नव्हता. ‘उतारा तुझ्या खिशात आहे’ असे ती सांगत होती, आणि त्या भरवशावर माणूस बांधावर थांबत होता. सर्पदंशात तो थांबलेला तासच जीव घेतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, निम्मी जून ते सप्टेंबरातली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. ‘दुर्लक्षित’ हा शब्द इथे अचूक बसतो. १२० वर्षांपूर्वी दवाखान्याऐवजी डबी वाटली गेली होती. आजही दवाखान्यात लस, रस्त्यावर खडी आणि रात्री डॉक्टर नसेल, तर आमची सुधारलेली पेटीही फक्त बऱ्या रंगाची डबीच ठरेल. गटाने हे ओळखले. पेट्यांच्या मागणीबरोबर त्यांनी दोन पांदणींच्या खडीकरणाचा अर्ज ग्रामसभेत ठेवला.

नवी पेटी नातवाने आजोबांना दाखवली. म्हाताऱ्याने कामट्या हातात घेऊन पाहिल्या, पाते कुठे आहे म्हणून विचारले. काढून टाकले म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि कुबडी सरकवून म्हणाला, “बरं केलं.”