जास्त वापरणारा कोण?

अड्याळच्या आसपास तळी पुष्कळ. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात ते काही उगाच नव्हे. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि ‘माजी मालगुजारी’ या लांबलचक नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले. या तळ्यांखाली धान पिकविणाऱ्याला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. पाणी एका वाटेने येते, बांध्या अनेक असतात, आणि वरच्याने पाट रात्रंदिवस मोकळा ठेवला तर टोकाची बांधी भेगाळते. म्हणून पाळी लागते. इंटरनेटच्या कंपन्यांनी जास्त वापरणाऱ्या गिऱ्हाइकांना आवर घालण्यासाठी गेल्या तीस वर्षांत जे नियम केले, ते मी याच उजेडात वाचले.

आपल्या देशात ही सेवा लोकांना खुली झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तेव्हा मोजमाप होते तासांचे. एका व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि टेलिफोनचे बिल निराळे. त्या काळचा जास्त वापरणारा म्हणजे जास्त वेळ बसणारा. त्याने काय आणि किती उतरवून घेतले याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. पत्रे आधी लिहून ठेवायची, तार जोडायची, धाडायची आणि चटकन तार तोडायची, अशी त्या वेळची काटकसर.

१९९८ मध्ये खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ किलोबिटांच्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले आणि २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमाने ही सेवा घरोघर देण्यास आरंभ केला. आता तार अष्टौप्रहर जोडलेली. तास मोजण्यात अर्थ उरला नाही. मग मोजू लागले वजन. टपालाचेही एके काळी असेच झाले होते. १८५४ पूर्वी पत्राचा आकार अंतरावर ठरे. त्या वर्षीच्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते जवळ जावो की दूर, अर्धा आणा ठरला. मोजमाप बदलले की भुर्दंड पडणारा माणूसही बदलतो. तासांच्या राज्यात सावकाश वाचणारा महाग पडे, वजनाच्या राज्यात चित्रे पाहणारा.

त्या वेळच्या भारत संचारच्या काही योजनांत एक कलम होते, ते मला आजही फार शहाणपणाचे वाटते. रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर हिशेबात धरला जात नसे. भंडाऱ्यात माझे एक स्नेही दोनचा गजर लावून उठत, संगणकाला कामाला जुंपत आणि पुन्हा झोपी जात. महिन्याकाठी त्यांनी किती उतरविले असेल देव जाणे; पण त्यांच्यामुळे शेजाऱ्याचा खोळंबा झाला नाही, कारण शेजारी झोपलेला असे. येथेच खरी मेख आहे. एका वाटेवर अनेक घरे असतात. २००९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घरगुती ग्राहकांसाठी हे प्रमाण एकास पन्नासपर्यंत ठेवण्यास सांगितले होते. गर्दी होते ती संध्याकाळी, पन्नासही घरे जागी असताना. महिन्याच्या बेरजेने गर्दी मोजता येत नाही. आमच्याकडील पाळी घटका पाहते, पिंपे मोजत नाही.

पुढे ‘अमर्याद’ योजना आल्या आणि त्यांच्या पोटात ‘न्याय्य वापर’ नावाचे बारीक अक्षरांतले कलम आले. ठरावीक वजन ओलांडले की वेग मंद. अमर्याद शब्दाला असा अर्थ देणाऱ्या विद्यार्थ्याला मी मराठीच्या पेपरात गुण दिले नसते. अमेरिकेतही तेच. कॉमकास्ट ही मोठी कंपनी काही विशिष्ट वापर गुपचूप अडविते, हे २००७ मध्ये उघडकीस आले. पुढच्या वर्षी तिने महिन्याला २५० जीबी अशी उघड मर्यादा घातली. निदान आकडा तरी कळला! आपल्याकडे प्राधिकरणाने २०१२ मध्ये ही मर्यादा ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचा आदेश दिला, आणि २०१६ मध्ये तारेच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ किलोबिटांखाली नेऊ नये असे बजावले. त्याच वर्षी, कोणता मजकूर पाहता यावरून दर निराळे लावण्यास मनाई झाली. किती पाहता हे मोजण्याची मुभा मात्र राहिली.

पण खेड्यात तार किती घरी? आमच्याकडे इंटरनेट म्हणजे मोबाइल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि दिवसाचा शिधा ठरून गेला: एक, दीड, दोन जीबी. तो संपला की वेग पुष्कळ योजनांत ६४ किलोबिटांवर येतो. दोन एमबीच्या एका छायाचित्राला चार मिनिटांहून अधिक.

याची झळ मी पाहिली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस चित्रपट-मालिका दाखविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भार हलका करण्यासाठी मोबाइलवरील चित्राचा दर्जा काही दिवस उतरविला. ते ठीकच झाले. पुढे आम्ही धडे मोबाइलवरून पाठवू लागलो. माझ्या वर्गातील एका घरी तीन भावंडे आणि दीड जीबीचा एक फोन. थोरलीचे गणित, मधल्याचे विज्ञान, आणि दुपारच्या आत शिधा खलास. धाकट्याचा धडा फिरत्या चक्रावर अडकून राही. कंपनीच्या वहीत ते घर ‘जास्त वापरणारे’. माझ्या हजेरीपटावर धाकटा गैरहजर.

नवा शिधा मिळे मध्यरात्री बाराला. त्या घरच्या बापाची शेतपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. तो मोटर सुरू करायला निघाला की थोरलीला हाक मारी, आणि ती उठून तिघांचेही धडे उतरवून ठेवी.