विजेच्या सायकलीची जुळणी : एक पूर्वपीठिका

विजेची सायकल ही अलीकडची निर्मिती मानली जात असली, तरी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालेल्या पेटंटात मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तुंब्यात, बसवलेली आणि बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली दिसते. ती मोटार १० व्होल्टच्या दाबाने १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेईल, असा बोल्टन यांचा दावा होता. त्या काळच्या जड बॅटऱ्यांना एवढा भार फार वेळ पेलणे अवघडच होते. १९९३ मध्ये यामाहाने पायांच्या जोराच्या प्रमाणात मोटारीची साथ देणारी सायकल बाजारात आणली.

आज खोक्यातून आलेली सायकल घरी जोडताना हँडल व पुढचे चाक बसवणे, आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असल्याने ते उलट्या दिशेने आवळणे, ही कामे सायकलीच्या जुन्या परंपरेतलीच आहेत. हबमोटारीचा आस मात्र खरी दक्षता मागतो, कारण मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने आस उलटा फिरू पाहतो. म्हणूनच त्याच्या दोन बाजू सपाट घासलेल्या असतात, आणि तो खाचेत घट्ट रोखण्यासाठी अनेकदा पोलादी पट्टीही जोडावी लागते. नट सैल राहिल्यास आस खाचेत फिरून त्यातून बाहेर येणारी तार पिळवटून तुटते.