हंग्री बेंगॉल

बंगालमधील १९४३ च्या दुष्काळाचा चित्रवृत्तांत असलेली इंग्रजी पुस्तिका. चित्रकार आणि लेखक चित्तप्रसाद (१९१५–७८) हे मूळचे भट्टाचार्य. जातिव्यवस्थेच्या निषेधार्थ त्यांनी आडनाव टाकले. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मेदिनीपूर जिल्हा पालथा घातला. त्या फिरतीतली शाईची रेखाटने आणि टिपणे या पुस्तिकेत आहेत.

मेदिनीपूर आधीच खचलेले होते. ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने किनाऱ्यावरची भातशेती बुडवली होती. ब्रह्मदेश जपानने घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या. दुष्काळाचे बळी वीस ते तीस लाखांच्या घरात मानतात. सरकारने मात्र तो अधिकृतपणे जाहीर केलाच नाही.

चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ साप्ताहिकात त्यांची रेखाटने आणि सुनील जाना यांची छायाचित्रे दोन्ही येत. कॅमेरा हाताशी असताना रेखाटन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. रेखाटायचे तर माणसापुढे बसावे लागते. बसले की विचारपूस होते. चित्तप्रसादांच्या अनेक चित्रांना म्हणूनच नाव आहे, गाव आहे, घरातले कोण गेले याची नोंद आहे. त्याच वर्षी झैनुल आबेदीन कलकत्त्याच्या रस्त्यांवरचे भुकेले जीव स्वस्त कागदावर कुंचल्याने उतरवत होते. ती माणसे निनावी आहेत. चित्र म्हणून आबेदीन जास्त भेदक, साक्ष म्हणून चित्तप्रसादांचे पारडे जड.

पुस्तिका प्रचाराचीही आहे. पक्षाचा तेव्हा युद्धाला पाठिंबा होता, हे ध्यानात ठेवूनच तिचा मजकूर वाचावा लागतो. तो पाठिंबा काही तिच्या कामी आला नाही: सरकारने सुमारे पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने बँकेच्या तिजोरीत जपलेल्या एका प्रतीवरून दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये तिची प्रतिकृती काढली.

चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत अंधेरीला राहिले. तिथे त्यांनी लिनोकट केले, मुलांसाठी बाहुल्यांचे खेळही उभे केले. दुष्काळ रेखाटण्यासाठी त्यांनी उत्तेजन दिलेल्या सोमनाथ होर यांनी १९४६ च्या तेभागा शेतकरी आंदोलनाची रोजनिशी चित्रांसह लिहिली.