बांधलेला हात आणि मेंदूतली त्याची जागा

मोडलेला हात सांधल्यावर त्याला पुन्हा कामाला कसं लावायचं, हे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात नेमकं सांगितलं आहे. आधी हातात मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मिठाचा खडा आणि बळ आलं की दगड. बांधण्याचे नियमही तिथेच आहेत. वड, पिंपळ, उंबर, बांबू यांच्या पट्ट्या लावायच्या आणि बंध थंडीत सातव्या, मध्यम ऋतूत पाचव्या, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बदलायचा. हाडवैद्यांच्या बांबूच्या कामट्या याच घराण्यातल्या. बांधणं पुढे चालत आलं. माती, मीठ, दगड हा क्रम मात्र वाटेतच गळाला.

प्लास्टर त्या मानाने अलीकडचं. 1851 मध्ये अँटोनियस मॅथिसन या डच लष्करी डॉक्टरांनी सुती पट्टीत भाजलेल्या जिप्समची पूड चोळली आणि ती ओली करून गुंडाळली. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांनी प्लास्टरची रीत जखमी सैनिकांवर सर्रास वापरली आणि कापावे लागले असते असे कितीतरी हातपाय वाचले. पुढे लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी सक्तीच्या, अखंड, दीर्घ विश्रांतीचा आग्रह धरला. पॅरिसचे ल्युका-शाम्पियोनिएर लवकर हालचाल हवी म्हणत राहिले, पण चलती थॉमस यांच्या मताची झाली.

या गोष्टीची दुसरी शाखा, मेंदू विजेने चेतवण्याची, अगदी वेगळीकडून आली. 1870 मध्ये बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या एका भागाला सौम्य प्रवाह लावला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता, डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय झटका देऊन माणसाचा हात हलवून दाखवला. मेंदूत कोणत्या स्नायूला किती जागा आहे, हे आता बाहेरून मोजता येऊ लागलं.

इथे दोन्ही शाखा भेटल्या. 1995 मध्ये जर्मनीत योआखिम लीपर्ट आणि सहकाऱ्यांनी घोटा जखडलेल्या रुग्णांची तपासणी केली. नस शाबूत होती, तरी त्या पायाच्या स्नायूचा मेंदूतला भाग आक्रसला होता. जितके दिवस जखडलेला, तितका जास्त. पण रुग्णाने तो स्नायू स्वतःहून आवळला की जागा लगेच परत वाढे! या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. 2012 मध्ये झुरिकच्या अभ्यासात उजवा हात किमान 14 दिवस बांधलेल्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा, हालचालीच्या भागातला बाहेरचा थरही पातळ झालेला दिसला. 2020 मध्ये सेंट लुईसचे निको डोसेनबाख यांनी दोन आठवडे स्वतःच्याच हाताला प्लास्टर घालून घेतलं. त्या प्रयोगात दोन दिवसांतच तो हात चालवणारा मेंदूतला भाग बाकी हालचाल-यंत्रणेपासून तुटू लागला.

हे जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळीबागेत आणून पाहा. ओल्या सरीत पाय घसरतो, 20-25 किलोचा घड खांद्यावरून सुटतो आणि सावरायला टेकलेलं मनगट मोडतं. आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरली की पक्कं. पाच-सहा आठवड्यांनी ते निघतं, तेव्हा हाताची कातडी भुरभुरीत झालेली असते, दंड-मनगट बारीक झालेलं आणि मूठ वळत नाही. एक्स-रेत हाड जुळलेलं असतं, म्हणून कागदोपत्री माणूस बरा. पण विळ्याची मूठ पकडीत येत नाही आणि रोजंदारी बुडतच राहते. घरचे म्हणतात, हाताची सवय मोडली. ही सवय स्नायूंइतकीच डोक्यातही मोडलेली असते, हे त्याला कुणी सांगतच नाही.

मग बाहेरून मेंदू चेतवून ही घट रोखता येईल का? लँकेस्टर विद्यापीठात 72 तास हात बांधून रोज चुंबकीय झटके देऊन पाहिले. 2021 मध्ये निकाल आला: ताकद गेली ती गेलीच, झटक्यांनी ती वाचली नाही. वेगळी मात्रा, वेगळी वेळ यांची वाट अजून मोकळी आहे. उलट ओहायोच्या ब्रायन क्लार्क यांनी 2014 मध्ये चार आठवडे मनगट बांधलेल्यांना नियमित सत्रांत मनातल्या मनात जोर लावायला सांगितलं. नुसत्या बांधलेल्यांची ताकद 45 टक्क्यांनी घटली, मनाने जोर लावणाऱ्यांची 24.

याला ना यंत्र लागतं, ना वीज. प्लास्टर ओलं असतानाच केसपेपरवर एक ओळ लिहावी आणि करून दाखवावी: मोकळी बोटं हलवत राहा आणि रोज डोळे मिटून, मनातल्या मनात विळा घट्ट आवळा.