झोंबतं तेच औषध?

गुडघा फुटला की टिंक्चर आयोडीनचा बोळा, आणि पाठोपाठ मुलाची किंकाळी. ‘झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय,’ ही समजूतही घरोघरची. आता त्याच जखमेवर न झोंबणारं जेल लावतात, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना शंका येते, की या थंडगार चिकट पदार्थानं जंतू मरतील तरी कसे? या शंकेचं उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेला ११ वर्षांचा मुलगा दाखल झाला. हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. त्या काळी अशा जखमा सडत आणि मग पाय कापावा लागे. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि पाय वाचला. शस्त्रक्रियेचं युग बदललं. पण कार्बोलिकनं कातडी भाजे, म्हणून लिस्टरनाच ते पुढं सौम्य करावं लागलं.

ही अडचण किती गंभीर आहे, ते पहिल्या महायुद्धात उमगलं. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या शेणखत पडलेलं. त्या मातीतले जंतू तोफगोळ्याच्या तुकड्यांबरोबर मांसात खोल शिरत. बोलोन इथं काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला टोकदार कोपरे काढून कृत्रिम जखम तयार केली. त्यांना दिसलं, की औषध कोपऱ्यांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. उलट जंतूंशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींना मात्र मारतं. पेनिसिलीनचा शोध लावणारे फ्लेमिंग ते हेच. राखणदारच मारला, तर घर सुरक्षित कसं राहणार?

त्याच काळात फ्रान्समध्येच काँपिएन्यच्या लष्करी इस्पितळात हेन्री डेकिन हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूनं विचार करत होते. जंतू मरतील पण मांस जळणार नाही, असं काही मिळेल का? दोनशेहून अधिक पदार्थ तपासून त्यांनी निवडलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपडे पांढरे करणारं ब्लीच! त्याचा दाहकपणा मुख्यतः त्यातल्या अल्कलीमुळे होता. डेकिननी बोरिक ॲसिड घालून ती कमी केली आणि प्रमाण ठेवलं जेमतेम अर्धा टक्का. मात्र जखमेत या द्रावाचा जोर लवकर संपे. म्हणून त्यांचे सहकारी, नोबेलविजेते शल्यविशारद अलेक्सी कॅरेल, आधी मेलेलं मांस काढून टाकत आणि मग रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखम धूत. या पद्धतीनं अनेक जवानांचे हातपाय वाचले. १९१५ मध्येच एडिंबरा विद्यापीठात याच कुळातलं ‘युसॉल’ तयार झालं. आपल्याकडच्या इस्पितळांतही ते वर्षानुवर्षं वापरात होतं. पुढं युसॉलही भरत आलेल्या जखमेतल्या कोवळ्या पेशींना त्रास देतं, अशी शंका पुढं आली आणि १९८०च्या दशकात त्यावर बराच वाद झाला.

गंमत अशी, की डेकिन रसायनांच्या बाटल्यांत जे शोधत होते, त्याचं जवळचं भावंड आपल्या शरीरातच होतं. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी हायपोक्लोरस ॲसिड स्वतः बनवतात, हे १९७०च्या दशकात स्पष्ट झालं. आज काही जेलमध्ये हेच ॲसिड अत्यल्प प्रमाणात असतं. तर काहींत आयोडीनच असतं, पण पोविडोनशी बांधलेलं. ते हळूहळू सुटतं, म्हणून फारसं झोंबत नाही. हा प्रकार १९५०च्या दशकातला.

पण जेलच का? जखम उघडी ठेवा, वाळू द्या, खपली धरू द्या, असं आपण ऐकत आलो. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं येते. जेल हा ओलावा टिकवतं.

म्हणजे झोंबणं ही गुणाची खूण नव्हे. मात्र कॅरेल यांचा धडा घरीसुद्धा विसरू नये. आधी धुणं, मग औषध. साधं खरचटलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं माती काढल्याशिवाय कोणतंही जेल लावण्यात अर्थ नाही. जखम खोल असेल, जनावर चावलं असेल किंवा गंजकं लोखंड घुसलं असेल, तर जखम धुवावी आणि थेट डॉक्टरांकडे जावं. जखम अखेर शरीरच भरून काढतं. औषधानं त्याच्या कामात अडथळा आणू नये, एवढंच शिकायला आपल्याला शंभर वर्षं लागली.