बंदूक आपली, काडतूस कोणाचे?

आमच्या आदिलाबादकडे एकाच गल्लीत या हत्याराला दोन नावे आहेत. मराठी घरात ‘बंदूक’, शेजारच्या तेलुगू घरात ‘तुपाकी’. पहिला शब्द अरबीतून आला, दुसरा तुर्कीतून; आणि बखरींत भेटणारी आपली ‘तुपक’ ही त्या तुपाकीचीच सख्खी बहीण. शब्दांची ही सोयरीक गोड आहे. वस्तूचा इतिहास मात्र तितका गोड नाही.

मध्यंतरी एका शेतकरी पालकाने मला विचारले, “सर, परवाना आहे. जुनी बोल्टची रायफल स्वस्तात घेऊन नव्याने घडवून घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?” मी इतिहासाचा मास्तर, बंदुकांचा व्यापारी नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर बाजारात कमी आणि इतिहासात अधिक आहे, असे माझ्या ध्यानात आले.

बोल्टची रायफल म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा उचलून मागे ओढायचा, रिकामे कवच बाहेर पडते. पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते. या यंत्राची दोन मोठी घराणी. १८९८ ची जर्मन माउझर, तिची पकड पुढे, काडतुसाजवळ. म्हणून ती भक्कम. दुसरी ली-एनफील्ड, १८९५ पासून ब्रिटिश फौजेची. तिची पकड मागे, हात चपळ चालतो आणि पेटीत दहा काडतुसे मावतात. तिचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांत असतो. तेव्हा नवा घडवायला एकसंध लांब फळी लागत नाही. कलकत्त्याजवळच्या ईशापूर कारखान्यात ही रायफल वर्षानुवर्षे तयार झाली. त्यामुळे आपल्याकडे परवडणारी म्हणजे बहुधा तीच.

आता खरी मेख. फौजेचे काडतूस होते .३०३. ते प्रजेच्या हाती असू नये, हे इंग्रज सरकारचे धोरण. म्हणून शिकाऱ्यांसाठी तीच रायफल .३१५ च्या नळीने विकली जाऊ लागली. तिचे काडतूस मूळच्या ऑस्ट्रियन ८ मि.मी. मानलिकरचे. पुढे स्वतंत्र भारतातही ईशापूरने .३१५ चीच शिकारी रायफल काढली आणि काडतूस पुण्याच्या खडकीत, १८६९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात, तयार होऊ लागले.

पोलिसांवरचा विश्वासही बेताचाच! त्यांच्यासाठी .३०३ च्या रायफली कोरून .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केट केल्या गेल्या आणि पेटीत लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच बार. हत्यार हिसकावले गेले तरी फौजेचे काडतूस त्यात निरुपयोगी. जुन्या रायफलीचे रूप पालटण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा उद्योग हा असा सरकारनेच केला.

राज्य बदलले, विचार टिकला. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला आणि त्याच्या नियमांनी .३०३ व ७.६२ मि.मी.च्या रायफली, तसेच .४१० ची मस्केट सामान्य परवानाधारकाला वर्ज्य ठरवल्या. गंमत पाहा: चीन युद्धाच्या सुमारास ईशापूरने ७.६२ ची ली रायफल काढली. ती पुढे अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात विकली गेली आणि तिथल्या हौशी लोकांनी नळ्या आखूड करून, दस्ते बदलून ती नव्याने घडवली. आपल्या कारखान्याची रायफल आपल्याच शेतकऱ्याला मात्र निषिद्ध.

तेव्हा त्या पालकाला मी सांगितले ते असे. आधी परवान्यावरची नोंद वाचा, मग रायफल पाहा. .३१५ ची ईशापुरी घ्या. नळीतले आटे झिजलेले किंवा गंजलेले असतील तर स्वस्त किमतीला भुलू नका. चांगला दस्ता मिळेल, चांगली नळी मिळणे कठीण. नळी आणि बोल्ट यांना हात परवानाधारक कारागिरानेच लावायचा; विनापरवाना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, हेही ध्यानी असू द्या. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे.

हे सारे तांत्रिक वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात त्यामागे रक्त आहे. जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी उभा राहिलेला कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी सहकाऱ्यांसह पडला. त्यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ गोंडांत येऊन राहिले आणि त्यांची गाऱ्हाणी दरबारापर्यंत गेली. जमिनीचे पट्टे मिळू लागले ते त्यानंतर. जे ऐकणे गोळीबाराच्या आधी व्हायचे, ते नंतर झाले.

आज जोडेघाट आसिफाबाद जिल्ह्यात आहे. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. दसऱ्याला आपल्या घरी शस्त्रपूजन होते. यंदा हळदकुंकू वाहताना मुलांना एवढे जरूर सांगावे की, हत्यार घरात असले तरी ते कोणते असावे आणि त्यात काय भरावे हे फार पूर्वीच दुसऱ्या कोणी ठरवून ठेवले आहे. ते कोणी आणि कशाच्या भीतीने ठरवले, हे ठाऊक असलेला नागरिक कायदा अधिक समजून पाळतो.