गोगलगाय, चाबूक आणि चित्राखालचा मजकूर

व्यंगचित्रकार शंकर यांचे २८ ऑगस्ट १९४९ चे एक चित्र आहे. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, हाती चाबूक. मागे नेहरू उभे. त्यांनीही चाबूक उगारलेला. पाठीमागे बघ्यांची गर्दी. २००६ साली हे चित्र एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला.

दलितांना विनोद कळत नाही, असे तेव्हा आम्हांला सुनावले गेले. प्रश्न विनोदाचा नव्हताच. चित्र एकटे बोलत नसते. ते कसे वाचायचे हे खालचा मजकूर ठरवतो. मराठी माणसाला गोगलगाय म्हटले की आधी पोटातले पाय आठवतात! पुस्तकातल्या ओळींनी मात्र संथ गती हाच अर्थ पक्का केला. जवळजवळ तीन वर्षे लागली असे सांगून, इतका वेळ का लागला, असे विद्यार्थ्याला विचारले. धड्यात सभेतील चर्चेचे मोल सांगितले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण चाबकाविषयी चित्राखाली अवाक्षर नाही. ज्याच्या आजाने पाठीवर वळ सोसले, त्या मुलाची नजर आधी कुठे जाईल, हे लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नसावे. वाईट हेतू नव्हता, असे मी मानतो. विचारसरणी अशीच काम करते. तिला हेतू लागत नाही.

विलंबाच्या आरोपाला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेतच उत्तर दिले होते. कॅनडाला दोन वर्षे पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. आपल्या संविधानाची कलमे ३९५. दुरुस्त्या आल्या सुमारे ७,६३५, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे चित्राखाली छापले असते, तर तेच चित्र वेगळे दिसले असते.

सरकारने चित्र मागे घेण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. चित्र वाचायची संधी आपणच गमावली.

मी हे चित्र वर्गात दाखवतो तेव्हा खालचा मजकूर हाताने झाकतो. एकदा एका मुलीने विचारले, “सर, मसुदा समितीत सात जण होते ना? मग बाकीचे सहा कुठे आहेत?”

मी तिला टी. टी. कृष्णमाचारींचे ५ नोव्हेंबर १९४८ चे भाषण वाचायला दिले. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले, एकदोघे दिल्लीपासून दूर. सारा भार आंबेडकरांवर पडला, असे त्यांनी भर सभेत सांगितले होते. चित्र त्यानंतर जवळजवळ दहा महिन्यांनी काढलेले आहे.